समजून घ्या : गिझर टिपकतोय? बूच मारण्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा

नवा गिझर बसवला आणि महिन्याभरात खालून पाणी टिपकायला लागलं, की बहुतेक घरांत पहिला फोन गल्लीतल्या प्लंबरला जातो आणि पहिला प्रश्न असतो, "हे बंद कसं करायचं?" पण गिझरच्या बाबतीत हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. काही थेंब थांबवायचेच नसतात. काही थेंब दिसले की गिझरला पुन्हा हात लावायचा नसतो. यातला फरक कसा ओळखायचा, गिझर चुकीचा बसवलाय हे कसं कळतं आणि खर्च कोणाच्या माथी मारायचा, ते पाहू.

सुरुवात घरच्याच प्रसंगापासून करते.

मुदखेडहून आलेला फोन

"अगं, नवा गिझर टिपकायलाय," डिसेंबरात बाबांचा मुदखेडहून फोन आला. दिवाळीत नांदेडच्या एका दुकानातून घेतलेला १५ लिटरचा गिझर. दुकानानंच पाठवलेल्या माणसानं तो तासाभरात बसवून दिला होता. मी म्हटलं, कंपनीच्या नंबरवर तक्रार टाका. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. "झालं बघ काम. इथल्याच प्लंबरनं बूच मारून दिलं. एक थेंब नाही आता."

बूच मारलं म्हणजे नेमकं कुठे, हा प्रश्न मला छळायला लागला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला. गिझरला गार पाणी येतं त्या नळीवर पितळी व्हॉल्व्ह होता. त्याच्या बाजूला पेन्सिलीएवढं तोंड असतं. त्या तोंडात टेफलॉन टेप गुंडाळून बूच घट्ट बसवलं होतं.

बाबांना लगेच फोन केला. "आधी गिझरचं बटण बंद करा. शनिवारी मी येते, तोवर चुलीवर पाणी तापवा."

शनिवारी न्हाणीत उभं राहून पाहिलं तेव्हा कळलं, की बूच ही एकच चूक नव्हती. गिझर दिव्याच्या साध्या बोर्डावर जोडलेला होता. प्लगमधली अर्थिंगची हिरवी वायर कापून टाकलेली होती. गरम पाण्याच्या बाजूला साधा पीव्हीसी पाइप होता. पाणी बंद करायला जवळपास कॉकच नव्हता. गिझर नवा होता आणि त्यात काही दोष नव्हता. बसवणं मात्र जवळपास सगळंच चुकलं होतं.

ज्या प्लंबरनं बूच मारलं त्याला बोलावून विचारलं. तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "ताई, गळायलं म्हणून बूच मारलं. गळती बंद करायलाच तर बोलावलं होतं ना?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आपणच त्याच्यापुढे चुकीचा प्रश्न ठेवला होता.

चांगल्या गिझरमधूनही पाणी का टिपकतं?

पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं तर त्याचं आकारमान सुमारे दीड टक्क्यानं वाढतं. १५ लिटरच्या गिझरमध्ये हे वाढलेलं पाणी भरतं साधारण २३० मिलिलिटर, म्हणजे जवळपास पाव लिटर. गिझरची टाकी आधीच काठोकाठ भरलेली असते. मग हे पाव लिटर जाणार कुठे?

आपल्याकडच्या जुन्या तांब्याच्या बंबात हा प्रश्न कधी आला नाही. बंबाला झाकण असतं, पण ते हवाबंद नसतं. पाणी फुगलं तर वर चढतं, उकळलं तर वाफ झाकणाच्या फटीतून निघून जाते. बंब म्हणजे उघडं भांडं. गिझर हे बंद भांडं आहे.

बंद भांड्याचं उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कुकर. त्याला शिटी असते आणि शिटी अडकलीच तर बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. गिझरच्या गार पाण्याच्या नळीवरचा तो पितळी व्हॉल्व्ह म्हणजे गिझरची शिटी. तो साधारणपणे दोन कामं करतो. गरम पाणी उलटं वरच्या टाकीकडे जाऊ देत नाही आणि आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर बाजूच्या तोंडातून थोडं पाणी बाहेर सोडतो.

म्हणून गिझर चालू असताना, पाणी तापत असताना व्हॉल्व्हच्या त्या तोंडातून थेंब पडत असतील आणि गिझर बंद केल्यावर काही वेळानं थांबत असतील, तर तो बिघाड नाही. गिझर आपलं काम करतोय. त्या तोंडाला लहानशी नळी जोडून ती मोरीपर्यंत सोडायची, एवढंच करायचं असतं. बसवणाऱ्यानं नळी जोडली नाही, की तेच थेंब थेट फरशीवर पडतात आणि घरातल्यांना वाटतं गिझर फुटला.

त्या तोंडाला बूच मारलं तर काय होतं?

पहिल्या दिवशी काहीच होत नाही. धोका नेमका इथेच आहे. थेंब थांबतात, सगळे खूश होतात.

आत मात्र रोज सकाळी वाढलेलं पाव लिटर पाणी बाहेर पडायला वाट शोधत असतं. पाणी दाबलं तरी फारसं दबत नाही, त्यामुळे थोड्याशा फुगण्यानंही दाब झपाट्यानं चढतो. नळ उघडला की दाब उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतो. टाकी रोज थोडी ताणली जाते आणि सैल होते. तार वारंवार वाकवली की तुटते, तसं टाकीच्या जोडांचं होतं. काही महिन्यांनी जोड सुटतात, गॅस्केट दाबाखाली फाटतं किंवा टाकीला चीर जाते.

इतकं होऊनही गिझर सहसा फुटत नाही, कारण आत आणखी राखणदार असतात. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो. तो अडकला तर त्याच्यावर थर्मल कटआउट असतो. खरा धोका हे दोन्ही निकामी झाल्यावर आणि व्हॉल्व्हलाही बूच असल्यावर निर्माण होतो. वातावरणाच्या ८ पट दाबाखाली पाणी १७० अंशांपर्यंत उकळत नाही. अशा तापलेल्या पाण्याची टाकी फाटली, तर त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. मग टाकीचा स्फोट होतो.

सतराव्या शतकात डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञानं बंद भांड्यात वाफेवर हाडं मऊ करणारं यंत्र बनवलं. आजच्या कुकरचा तो पूर्वज. भांडं फुटू नये म्हणून त्यानं त्यावर वजन ठेवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. तेव्हापासून आजपर्यंत नियम एकच राहिलाय : बंद भांड्यात पाणी तापवायचं तर बाहेर पडायची एक वाट उघडी ठेवायची.

मग गळती कुठून होतेय हे कसं ओळखायचं?

गिझर बंद करून गार होऊ द्या. कोरड्या फडक्यानं सगळं पुसून घ्या. मग जोडांना जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे गुंडाळा आणि तासाभरानं बघा कोणता कागद भिजला. गिझरच्या गळतीच्या मुख्य जागा चार.

पहिली जागा, सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड. फक्त तापताना टिपकत असेल तर चिंता नाही. गिझर बंद असताना, पाणी गार असतानाही दिवसभर टिपकत असेल तर व्हॉल्व्हच्या आत क्षार किंवा कचरा अडकलाय, नाहीतर गच्चीवर बसवलेल्या प्रेशर पंपामुळे दाब जास्त येतोय. व्हॉल्व्ह बदलावा लागेल. ही किरकोळ दुरुस्ती आहे.

दुसरी जागा, नळ्यांचे जोड. गार-गरम पाण्याच्या नळ्या गिझरला जिथे जोडल्यात तिथून झिरपत असेल तर वॉशर बदलणं, टेफलॉन नव्यानं गुंडाळणं पुरतं. ही बसवण्यातली चूक असते आणि ती बसवणाऱ्यानं विनामोबदला दुरुस्त करून द्यायला हवी.

तिसरी जागा, खालच्या झाकणाच्या आत. गिझरच्या बुडाशी प्लॅस्टिकचं झाकण असतं. त्याच्या आत कॉइल बसवलेली चकती, गॅस्केट आणि विजेच्या सगळ्या वायरी असतात. झाकणाच्या फटीतून पाणी येत असेल तर पाणी आणि वीज एकाच डब्यात आहेत. इथे घरगुती उपाय करू नका. मेन बंद करा आणि कंपनीच्या माणसाची वाट बघा.

चौथी जागा, टाकी स्वतः. बाहेरच्या आवरणाच्या सांध्यातून पाणी येतंय, त्याला गंजाचा तांबूस रंग आहे आणि वरचे सगळे जोड कोरडे आहेत, याचा अर्थ आतली टाकी गेली. ती वेल्डिंगनं किंवा एमसीलनं दुरुस्त होत नाही. वॉरंटी असेल तर बदलून घ्या, नसेल तर नवा घ्या.

"थेंबानं काय होतंय" असं वाटत असेल तर हिशेब करून बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरपेक्षा जास्त आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बोअरच्या पाण्यानं गिझर लवकर खराब होतो का?

हो. नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत वापरायचं पाणी बोअरचं असतं आणि ते बऱ्याचदा जड असतं. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडावर पांढरा थर जमतो, बादलीला आतून खरखरीत कड येते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असल्याची ही खूण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. बोअरचं पाणी याही पुढे जाऊ शकतं.

असं पाणी तापलं की त्यात विरघळलेले क्षार दगडासारखे घट्ट होऊन कॉइलवर बसतात. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्याला मिळत नाही, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. हेच क्षार सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. तिथे दोन गोष्टी होऊ शकतात. व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि सतत टिपकतो, किंवा क्षारानं जाम होऊन उघडतच नाही. दुसरी अवस्था म्हणजे कोणी हात न लावता बसलेलं बूच.

बऱ्याच गिझरमध्ये मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, त्याला अ‍ॅनोड म्हणतात. टाकीऐवजी तो स्वतः गंजतो आणि टाकी वाचवतो. तो संपला की गंज टाकीला लागतो. कंपनीचा माणूस सर्व्हिसिंगला आला की त्याला दोन गोष्टी आवर्जून विचारा : अ‍ॅनोड किती उरलाय आणि कॉइलवर थर किती आहे. जड पाण्याच्या घरात हिवाळा सुरू होण्याआधी दरवर्षी ही तपासणी करून घ्यावी. पाणी फारच जड असेल तर तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा, क्षार कमी बसतात. कडक पाण्याचं भाजणंही टळतं, कारण ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं आणि लहान मुलांना त्याहून लवकर.

गिझर चुकीचा बसवलाय, हे घरच्या माणसाला कसं कळेल?

पाना-पकड हातात न घेता, नुसतं बघून या गोष्टी तपासता येतात.

• व्हॉल्व्ह आहे का? गार पाण्याच्या नळीवर (बहुतेक गिझरला निळी खूण) गिझरसोबत आलेला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला हवा. बरेचदा तो खोक्यातच राहतो. तो नसला तर वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

• व्हॉल्व्हचं तोंड उघडं आहे का? त्याला खाली उतरणारी नळी असावी, बूच किंवा कॉक नसावा. गिझर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधेही कॉक नको. पाणी बंद करायचा कॉक व्हॉल्व्हच्या अलीकडे, टाकीकडून येणाऱ्या नळीवर हवा.

• पाइप कोणता आहे? साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडतो, वाकतो आणि जोडाशी सुटतो. गरम पाण्याच्या बाजूला सीपीव्हीसी किंवा धातूचा पाइप हवा. सीपीव्हीसी ९० अंशांच्या आसपासचं तापमान सोसतो.

• उभा की आडवा? उभा गिझर आडवा किंवा आडवा गिझर उभा टांगायचा नाही. तसं केलं तर आतल्या नळ्यांची जागा चुकते, टाकीच्या वरच्या भागात हवा राहते आणि कॉइल उघडी पडू शकते.

• भिंत कोणती आहे? १५ लिटरचा गिझर पाण्यासह २५ किलोच्या आसपास भरतो. तो पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत लोखंडी अँकर बोल्टवर टांगलेला हवा. नुसत्या गिलाव्यात ठोकलेल्या प्लॅस्टिकच्या गिट्टीवर नको.

• आयएसआय चिन्ह आहे का? विजेच्या साठवण गिझरला भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. चिन्हाखालचा सीएम/एल नं सुरू होणारा क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो.

शॉकचा धोका कुठे असतो?

२००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो. दिव्या-पंख्याचं बटण आणि सॉकेट ६ अँपिअरचं असतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. सॉकेटची एक बाजू काळी पडून वितळायला लागली होती. गिझरला १६ अँपिअरचं स्वतंत्र बटण, स्वतंत्र एमसीबी आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. कॉइलचं बाहेरचं कवच चिरलं तर वीज टाकीत आणि पाण्यात उतरते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर ती नळाला हात लावणाऱ्या ओल्या माणसाच्या अंगातून जाते. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा एकदा खणला जातो आणि विसरला जातो. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की तो असून नसल्यासारखा होतो, म्हणून अधूनमधून त्यात पाणी घालावं लागतं. काही ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधतात. न्यूट्रलची वायर कुठे तुटली तर गिझरच्या पत्र्यातच वीज येते. हे कधीही करू देऊ नका.

"आमच्याकडे एमसीबी आहे," असं सांगून अनेक जण निश्चिंत होतात. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. ३० मिलिअँपिअर वीज बाहेर झिरपली तरी तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. गिझर असलेल्या घरात तो असायलाच हवा. तो वारंवार पडत असेल तर त्याला शिव्या देऊन काढू नका. घरात कुठेतरी वीज झिरपतेय, एवढंच तो सांगतोय.

एक सवय मात्र फुकट आहे. पाणी तापवा, बटण बंद करा, मगच अंघोळीला जा. २० अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला २००० वॅटच्या गिझरला २० ते २५ मिनिटं पुरतात. तो दिवसभर चालू ठेवायची गरज नाही.

गळती दिसली, आता लगेच काय करायचं?

• कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून बटण बंद करा. पाणी बोर्डापर्यंत पोचलं असेल तर बोर्डाला हात न लावता मेन किंवा एमसीबी बंद करा.

• गिझरकडे येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा. कॉक नसेल तर गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा.

• गरम पाण्याचा नळ सावकाश उघडा, आतला दाब उतरेल. हात आणि तोंड लांब ठेवा.

• व्हॉल्व्हला बूच मारलेलं आढळलं तर गिझर गरम असताना ते काढू नका. वीज बंद करून काही तास थांबा, नळ उघडून दाब उतरवा आणि मगच काढा.

• टाकी रिकामी झाली असेल तर ती पुन्हा पूर्ण भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत गिझर चालू करू नका. कोरडी कॉइल थोड्याच वेळात जळते.

• दुरुस्तीआधी फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा. पुढे त्यांची गरज पडते.

गॅस गिझर आणि सोलरचं काय?

गॅस गिझरमध्ये पाण्याच्या गळतीपेक्षा मोठा धोका न दिसणाऱ्या वायूचा असतो. बंद न्हाणीघरात गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. मार्च २०२३ मध्ये मुंबईतल्या घाटकोपरला होळी खेळून आलेलं दाम्पत्य घरातल्या न्हाणीघरात मृतावस्थेत सापडलं, तेव्हा पोलिसांनी सुरुवातीला गॅस गिझरमधल्या वायूचाच संशय व्यक्त केला होता. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवायचा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यायची. सिलिंडरही आत नको.

गच्चीवरच्या साध्या सोलरमध्ये टाकीवर एक उभी, वरून उघडी नळी असते. तिच्यातून कधी वाफ येते, कधी थोडं पाणी उडतं. ती बंद करायचा मोह टाळा. गिझरच्या व्हॉल्व्हसारखीच तीही बाहेर पडायची वाट आहे. ती बुजली तर टाकी फुगते किंवा आत चेपते.

घरच्या गिझरची तपासणी करायला कोणी येतं का?

नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरची तपासणी करायला राज्याच्या बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक येतो, प्रमाणपत्र देतो आणि त्याशिवाय गळीत सुरू करता येत नाही. १९२३ च्या भारतीय बाष्पके कायद्यापासून ही पद्धत आहे आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. पण २५ लिटरपेक्षा लहान आणि १०० अंशांच्या आत पाणी तापवणारी भांडी या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. घराघरातला गिझर त्यातच मोडतो. तो कारखान्यातून तपासून येतो, पण भिंतीवर कसा चढला हे बघणारं कोणी नसतं. ते आपल्यालाच बघावं लागतं.

खर्च कोणी द्यायचा? तक्रार कुठे करायची?

गिझर घेतानाच तीन कागद सांभाळून ठेवा : पक्कं बिल, वॉरंटी कार्ड आणि बसवणाऱ्यानं दिलेली पावती किंवा जॉब कार्ड. टाकी, कॉइल आणि बाकी भाग यांची वॉरंटी वेगवेगळ्या मुदतीची असते, ती नीट वाचा. कंपनीच्या अधिकृत माणसाकडून बसवून घेतला तर वाद कमी होतात.

गळती झाली की आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तोंडी आश्वासनावर थांबू नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलता येतं.

तेवढ्यानंही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वस्तूतल्या दोषाइतकीच सेवेतली त्रुटी, म्हणजे चुकीचं बसवणंही तक्रारीचं कारण ठरतं. गिझर ऑनलाइन मागवला असो की दुसऱ्या शहरातून आणला असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदखेडच्या ग्राहकाला नांदेडच्या आयोगाकडे जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते. दुकानानं पाठवलेल्या माणसानं चूक केली तर "तो आमचा नव्हता" हे उत्तर सहज मान्य करू नका. बसवणीचे पैसे कोणी घेतले आणि पावती कोणाच्या नावाची आहे, ते महत्त्वाचं.

आमच्या घरी पुढे काय झालं?

बाबांनी तक्रार नोंदवल्यावर पाचव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. नवा व्हॉल्व्ह बसला, त्याच्या तोंडाला नळी लागली. परवानाधारक वायरमननं वेगळी लाइन ओढली, अर्थिंग तपासली आणि आरसीसीबी बसवला. गरम बाजूचा पाइप बदलला. व्हॉल्व्हचा खर्च वॉरंटीत गेला. पाइप आणि मजुरीचे पैसे दुकानदारानं आढेवेढे घेत, फोटो बघितल्यावर परत केले. वायरिंगचा खर्च आमचाच होता आणि तो आधीच करायला हवा होता.

नंतर मी नळीखाली पाण्याची रिकामी बाटली ठेवली आणि गिझर चालू केला. पाणी तापेपर्यंत बाटलीत साधारण पाव लिटर पाणी जमलं. हिशेबात निघालं होतं तेवढंच. बाबांनी बाटली हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "म्हणजे आता टिपकलं नाही, तर काळजी करायची?"

हो. तापतानाही कधीच थेंब येत नसेल, तर त्या व्हॉल्व्हला एकदा तपासून घ्यायचं. ज्या प्लंबरनं बूच मारलं होतं, त्यालाही मी ती बाटली दाखवली. त्याच आठवड्यात त्यानं गल्लीतल्या आणखी दोन घरांतली बुचं काढली.